इयत्ता : मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाच्या आखणीचा इतिहास

'इयत्ता' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'एवढे' आणि 'इयत्ता' म्हणजे 'एवढेपण', परिमाण, मर्यादा. 'स्टँडर्ड' या इंग्रजी संज्ञेसाठी हा शब्द मराठीत रूढ झाला आणि तो मूळ संज्ञेहून अधिक नेमका ठरला. शाळेची खोली किंवा तीत बसणारी मुले यांचा निर्देश त्यातून प्रथमतः होत नाही. एका वर्षात एवढे शिकवून व्हावे व वर्षाअखेर एवढे तपासले जावे, हा ठराव त्यातून सूचित होतो.

प्राथमिक शाळा आपला अभ्यासक्रम कशी आखते व कशी शिकवते, या प्रश्नाचा विचार करताना शिक्षणशास्त्रज्ञांच्या मतांचा इतिहास पुढे ठेवण्याची प्रथा आहे. पेस्टालॉझी, फ्रोबेल, हर्बार्ट, महात्मा गांधी असा क्रम लावून प्रत्येकाच्या विचाराचा शाळेवर काय परिणाम झाला ते सांगितले जाते. हा क्रम चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. मुंबई इलाख्यातील मराठी शाळेचा इतिहास पाहता असे दिसते की, अभ्यासक्रमाचा साचा, म्हणजे वर्ष हे एकक, सर्व मुलांना एकच मजल आणि अखेरीस तपासणी, हा मुख्यतः खर्चाच्या व तपासणीच्या गरजेतून घडला. शिक्षणविषयक नवे विचार नंतर आले आणि ते याच साच्यात ओतले गेले. हा साचा कसा घडला, त्याने काय दिले आणि काय हिरावले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पंतोजींची शाळा

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत देशी शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविण्यात आली. ही माहिती १८२० ते १८३० या दशकातील असून रा. वि. परुळेकर यांनी ती पुढे संपादित करून अभ्यासकांना उपलब्ध करून दिली. १८२९ च्या आकड्यांनुसार इलाख्यात सुमारे १,७०० शाळा होत्या व त्यांत सुमारे ३५,००० मुले शिकत होती. त्यांपैकी सरकारी साहाय्याच्या शाळा अवघ्या २५ होत्या. बाकीच्या सर्व गावोगावच्या पंतोजींच्या होत्या. म्हणजे एका शाळेत सरासरीने वीस मुले आणि एक शिक्षक असे प्रमाण पडते.

या शाळांना स्वतंत्र इमारती क्वचितच असत. देवळाचा मंडप, एखाद्या सुखवस्तू गृहस्थाची पडवी अथवा पंतोजींचे स्वतःचे घर ही शाळेची जागा. छापील पुस्तक नव्हते. मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, बाराखडी घोकी, अंकांच्या उजळणीला लागे. त्यानंतर पाढे, आणि पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असा अपूर्णांकांचा मुखपाठ. अक्षर वळणावर आले की मोडी वाचन व लेखन, पत्राचे मायने, खतपत्र, व्यापाराचे व सावकारीचे तोंडी हिशेब. व्यवहाराला पुरेल एवढे शिक्षण झाले की मुलगा शाळा सोडून घरच्या उद्योगाला लागे.

या व्यवस्थेत अभ्यासक्रम नव्हता असे म्हणणे बरोबर होणार नाही. क्रम निश्चित होता, पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि शेवटचे उद्दिष्ट मुलाच्या पालकांना स्पष्टपणे कळत होते. नव्हते ते वर्ष. मूल कोणत्याही दिवशी, बहुधा मुहूर्त पाहून, शाळेत येई आणि आपल्या गतीने पायरी चढे. वीस मुले वीस निरनिराळ्या पायऱ्यांवर असत. पुढचा मुलगा मागच्याला शिकवी आणि पंतोजी एकेकाला जवळ बोलावून त्याचा पाठ ऐकत. सुगीच्या दिवसांत गैरहजर राहिलेला मुलगा परत येई तेव्हा तो आपल्याच पायरीवर पुन्हा उभा राही. तो कोणाच्या मागे पडला, हे मोजण्याचे साधन नव्हते आणि त्याची आवश्यकताही कोणाला वाटत नव्हती.

तथापि या शाळेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. तीत मुली नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींना तिचे दार बंद होते आणि शेतकरी व कारागीर यांची मुले तीत थोडीच असत. छडी हा अध्यापनाचा नित्याचा भाग होता. पाठांतराच्या पलीकडे अर्थाचा विचार क्वचितच होई. ज्या समाजाला लेखणीचा व्यवहार करावयाचा होता, त्या समाजाची ती शाळा होती. आणि त्या मर्यादेत तिची आखणी नेमकी होती.

२. पुस्तक आणि गट

१८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि १८२७ पासून 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने देशी शाळांची पाहणी करून चार उणिवा दाखविल्या : पुस्तकांचा अभाव, सोप्या व परिणामकारक अध्यापनपद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांचा अभाव आणि पैशाचा अभाव. संस्थेचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके मराठीत झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' व इसापच्या नीतिकथांचे भाषांतर १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८२६ मध्ये संस्थेने तयार केलेले २४ शिक्षक जिल्ह्यांकडे रवाना झाले.

या घटनांचा अभ्यासक्रमाच्या आखणीवर झालेला परिणाम दुहेरी होता. पहिला असा की, शिकविण्याचा क्रम पंतोजींच्या स्मरणातून निघून पुस्तकाच्या पानावर आला. पुण्यातील मुलगा व रत्नागिरीतील मुलगा आता एकाच पानावर असू शकत होता. दुसरा परिणाम गटांचा. संस्थेने जी पद्धती स्वीकारली ती इंग्लंडात लँकेस्टर व बेल यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली होती. तीत मुलांचे लहान गट पाडून प्रत्येकावर एक पुढारी विद्यार्थी नेमला जाई. यांपैकी अँड्र्यू बेल यांना ही कल्पना मद्रासेतील अनुभवातून सुचली होती. त्यामुळे देशी शाळेतील 'पुढच्याने मागच्याला शिकवावे' हा प्रघात इंग्लंडची वारी करून, शिस्तीचा पोशाख चढवून परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. लँकेस्टरच्या गटांना वर्षाची चौकट नव्हती. वाचनात वरच्या गटात असलेला मुलगा गणितात खालच्या गटात बसू शकत असे. आणि तयारी झाली की महिन्यादोन महिन्यांतही गट बदलता येत असे. म्हणजे समान पुस्तक आले, समूहाने शिकविणे आले, तरी काळाचे समान माप अद्याप आले नव्हते.

३. तपासणीचे माप

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. १८६३ पासून जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसविण्यात आला व त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे देण्यात येऊ लागला. १८६९ च्या कायद्याने या कराला वैधानिक आधार मिळाला. शाळांची संख्या वाढू लागली. त्याबरोबर असा प्रश्न उभा राहिला की, शेकडो गावांत, खात्याच्या दृष्टीआड, एकेका मास्तराच्या हाती चाललेल्या या शाळांत खर्च केलेल्या पैशाचे काय झाले, हे कळावे कसे?

याच प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडात नुकतेच तयार झाले होते. १८६२ च्या सुधारित नियमावलीने तेथील प्राथमिक शाळांना वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत सहा 'स्टँडर्ड' ठरवून दिले. परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग अनुदान ठरले आणि तो ज्या विषयात नापास होईल त्या विषयापोटी दोन शिलिंग आठ पेन्स कापले जाऊ लागले. हजेरीपोटी मिळणारे चार शिलिंग वेगळे. मूल हे अशा रीतीने अनुदानाच्या हिशेबातील एक रकमेची बाब झाले. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळांचे निरीक्षक होते. या पद्धतीने अध्यापन यांत्रिक होते, अशी टीका त्यांनी आपल्या अहवालांतून सातत्याने केली.

मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात निकालावर अनुदान देण्याचे नियम आले. येथे बहुसंख्य प्राथमिक शाळा खात्याच्या स्वतःच्याच असल्यामुळे, अनुदानाचा प्रश्न मुख्यतः खाजगी शाळांपुरता होता. परंतु इयत्तांचे माप सर्वांना लागू झाले. प्रत्येक इयत्तेस किती पाने वाचावयाची, कोणते गणित करावयाचे, भूगोल कोठपर्यंत, हे कोष्टकात बसविले गेले. अखेरीस 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा आली व तिच्या दाखल्यावर शिक्षकाची किंवा मुलकी खात्यातील लहान नोकरी मिळण्याची आशा धरता येऊ लागली.

या कोष्टकाला प्राण होता तो डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीचा. लोकभाषेत 'दिपोटी' हे नाव पावलेला हा अधिकारी शाळेत येई, एकेका इयत्तेस उभे करी, उतारा वाचवून घेई, शुद्धलेखन घाली, उदाहरणे देई आणि शेरेबुकात शेरा लिहून पुढच्या गावी जाई. एका दिवसात, अनोळखी मुलांकडून, जे काढून घेता येते तेवढेच त्याला तपासता येत असे. ओघाने पाहिलेला उतारा वाचता येणे, श्रुतलेखनात चुका न होणे, हिशेबाचे उत्तर बरोबर येणे, नद्यांची व तालुक्यांची नावे सांगता येणे या गोष्टी मोजता येत. मुलाला घरच्या बोलीत विचारलेल्या प्रश्नाचा उलगडा होतो की नाही, वाचलेल्या धड्याचा अर्थ त्याने आपल्या गावच्या जीवनाशी जोडला की नाही, हे मोजता येत नसे. जे मोजता येते ते वर्षभर शिकवावे, ही वृत्ती शिक्षकाच्या अंगी बाणली तर तो दोष त्याच्या स्वभावाचा मानता येत नाही. त्याचा पगार, बढती आणि बदली यांचे दोर त्या शेऱ्यात गुंतलेले होते.

४. १८८२ : दोन मागण्या

हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीच्या मागणीसाठी सर्वज्ञात आहे. त्यातील अभ्यासक्रमाविषयीचा व तपासणीविषयीचा भाग मात्र तुलनेने कमी वाचला जातो. मोडी व बालबोध यांचे वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची मूलतत्त्वे, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांवरील काही धडे, अशी त्यांची योजना होती. लहान खेड्यांतील विषय मोठ्या गावांपेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते कमी व्यवहारोपयोगी असता कामा नयेत, असे त्यांनी बजाविले. शेतीच्या पाठाला नमुन्याच्या लहान शेताची जोड मागितली आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार व्हावेत, असे सुचविले.

तपासणीविषयी त्यांचे म्हणणे असे की, डेप्युटीच्या वर्षातून एका भेटीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, शिवाय पूर्वसूचना न देता अधूनमधून शाळा पाहिली जावी. या मागणीचे मर्म असे की, फुले यांना तपासणी कमी नको होती, अधिक हवी होती. याचे कारण समजण्यासारखे आहे. १८४८ पासून मुलींसाठी व पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी शाळा चालविताना, या मुलांना शिकता येते हेच मुळात सिद्ध करावे लागत होते. १८५० नंतरच्या दशकाच्या आरंभी पुण्यात त्यांच्या मुलींच्या शाळांच्या जाहीर परीक्षा झाल्या, त्या या दृष्टीने केवळ समारंभ नव्हत्या. ज्यांची पात्रताच नाकारली गेली होती, त्यांच्या हाती सर्वांना समान असलेले माप हा पुरावा होता. पंतोजींच्या शाळेत मोजमाप नव्हते. पण म्हणूनच तीत कोण वगळला गेला याचाही हिशेब नव्हता. इयत्तेच्या इतिहासातील ही जमेची बाजू दृष्टिआड करून चालणार नाही.

हंटर आयोगाच्या शिफारशींत मात्र विसंगती राहिली. प्राथमिक परीक्षांची माने सोपी करावीत, त्यांत देशी पद्धतीचे हिशेब, जमाखर्च, मोजणी, शेती व आरोग्य यांना उपयोगी पडणारे विज्ञान यांचा अधिक समावेश करावा, सर्व देशभर एकरूपता आणण्याचा प्रयत्न करू नये, शाळेच्या वेळा व सुट्या स्थानिक गरजेप्रमाणे असाव्यात, असे आयोगाने म्हटले. परंतु त्याच आयोगाने प्राथमिक शाळांचे साहाय्य मोठ्या प्रमाणावर परीक्षेच्या निकालांवर ठरवावे, असेही सुचविले. म्हणजे आशय स्थानिक हवा आणि माप समान हवे. या दोहोंत संघर्ष आला की माप टिकते व आशय वाकतो, हे पुढील काळात वारंवार दिसून आले.

५. एक मास्तर, अनेक इयत्ता

खात्याच्या कोष्टकात प्रत्येक इयत्तेचा रकाना स्वतंत्र होता. खेड्यातील शाळेत मात्र खोली एक आणि मास्तर एक. कोष्टक व खोली यांची गाठ घालण्याचे काम वेळापत्रकाला करावे लागले. एका इयत्तेला प्रत्यक्ष शिकवावयाचे, दुसरीला शुद्धलेखन द्यावयाचे, तिसरीला गणिते घालावयाची आणि लहान मुलांपुढे एखाद्या हुशार मुलास उभे करून पाढे म्हणवून घ्यावयाचे, ही युक्ती पिढ्यानपिढ्या चालत आली. अशा खोलीत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला मास्तरांचा जो वेळ येई, तो कोष्टक तयार करणाऱ्याने गृहीत धरलेल्या वेळाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाहून अधिक असणे शक्य नव्हते.

सर्वांत कमी वेळ मिळे तो सर्वांत लहान मुलांना. पहिल्या इयत्तेच्याही आधीच्या या वर्गाला 'बिगरी' म्हणत. या शब्दाची फोड 'बिगर-इयत्ता' अशी केली जाते, आणि ती अर्थपूर्ण आहे. ज्यांचे माप अद्याप ठरलेले नाही, त्यांचा तो वर्ग. तपासणीच्या दृष्टीने त्याचे मोल अल्प असल्यामुळे मास्तरांचे लक्ष वरच्या इयत्तांकडे असे. अक्षरओळख हा शिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग अशा रीतीने पुढारी विद्यार्थ्याच्या किंवा नवख्या उमेदवाराच्या स्वाधीन झाला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी चित्र बदलण्याचे प्रयत्न झाले. कर्झन यांच्या काळातील ११ मार्च १९०४ च्या ठरावाने निकालावर अनुदान देण्याची पद्धती सोडून देण्यात आल्याचे जाहीर केले. बालोद्यानाच्या पद्धती, वस्तुपाठ व ग्रामीण शाळांसाठी सोपा अभ्यासक्रम यांचा पुरस्कार केला. प्रशिक्षण शाळांतून हर्बार्टची पंचपदी शिकविली जाऊ लागली व तिच्याबरोबर 'पाठटाचण' हा नवा दस्तऐवज शाळेत आला. हेतू असा की, शिक्षकाने पाठापूर्वी विचार करावा. प्रत्यक्षात पाठटाचण हेही तपासणीच्या वेळी दाखवावयाचे कागद ठरले. वस्तुपाठाचीही गत तीच झाली. वस्तू हाताळून निरीक्षण करणे हा त्याचा गाभा. पण तपासणीत वस्तूविषयीची वाक्ये विचारली जात, म्हणून वस्तूऐवजी वाक्ये पाठ होऊ लागली. अनुदानाचा निकालाशी संबंध तुटला तरी निकालाने घडविलेली सवय सुटली नाही.

६. वर्धा योजना : मिनिटांचा हिशेब

या सवयीवरचा सर्वांत मूलगामी घाव १९३७ मध्ये घातला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. तिचे वेळापत्रक मुळातून पाहण्यासारखे आहे. दिवसाचे साडेपाच तास : त्यांपैकी मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे; संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे; मातृभाषेस ४० मिनिटे; समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास ३० मिनिटे; शारीरिक शिक्षणास १० मिनिटे व सुटी १० मिनिटे. कागदावर हे वाटप विषम दिसते. पण योजनेची भूमिका अशी होती की, गणित ४० मिनिटांत संपत नाही. सुताची लांबी, आस व नंबर मोजताना ते दिवसभर चालते. याला 'समवाय' हे नाव मिळाले.

बा. गं. खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात अशा शाळा सुरू झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यांचा विस्तार झाला. त्यांचे यशापयश अनेक कारणांनी ठरले. त्यांपैकी येथे प्रस्तुत असलेले कारण एवढेच की, समवाय मोजण्याचे साधन खात्याजवळ नव्हते. कातलेल्या सुताच्या लडी मोजता येत. लिहिलेले शुद्धलेखन मोजता येई. पण सूत कातताना मुलाला गुणाकाराचा अर्थ कळला की नाही, हे जुन्या शेरेबुकात कोणत्या रकान्यात लिहावे? परिणामतः पुष्कळ शाळांत चरखा हा वेळापत्रकातील आणखी एक तास झाला आणि भाषा-गणिताच्या तासांना इयत्तेचे जुने कोष्टक पूर्ववत लागू राहिले. ज्या योजनेने विषयांच्या भिंती पाडावयाच्या, तीच एक विषय होऊन बसली.

७. मागे राहिलेली मुले

इयत्तेचे माप एकदा ठरले की त्यात न बसणारे मूल दिसू लागते. १९२९ च्या हारटोग समितीने या दर्शनाला आकडा दिला : १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती. या अवस्थेसाठी 'गळती' व 'स्थगिती' हे दोन शब्द शिक्षणविषयक चर्चेत स्थिर झाले. समितीचा कल शिक्षणाच्या विस्तारापेक्षा त्याच्या दृढीकरणाकडे होता. तिच्या या निष्कर्षावर राष्ट्रीय पक्षाकडून टीकाही झाली, कारण आकड्याचा अर्थ 'शाळा कमी करा' असाही लावता येत होता.

गोखले अर्थशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यात केलेल्या पाहण्यांनी हा प्रश्न मराठी मुलखाच्या संदर्भात तपासला. शाळा सोडलेल्यांची साक्षरता टिकते का, आणि गळती व स्थगिती किती प्रमाणात होते, या दोन्ही प्रश्नांचा शोध धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांच्या १९५५ च्या ग्रंथात एकत्र आला आहे. त्याच पिढीतील कोल्हापूरकडचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी एकशिक्षकी शाळेचा स्वतंत्र अभ्यास केला. शेतकऱ्याचे मूल सुगीत घरी राहते, एक मास्तर चार इयत्ता सांभाळतो, आणि तरीही वर्षाअखेर सर्वांनी एकाच रेषेवर असावे अशी अपेक्षा केली जाते. या परिस्थितीत स्थगिती हा मुलाचा दोष म्हणावयाचा की मापाचा, हा प्रश्न या पिढीच्या कार्यातून अटळपणे उभा राहतो.

नाईक हे पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. या आयोगाने पहिली व दुसरी, आणि शक्य तेथे पहिली ते चौथी, हा एकच अखंड घटक मानून मुलांना आपल्या गतीने पुढे जाऊ द्यावे, अशी शिफारस केली. त्याच सुमारास डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचा वारली मुलांमधील प्रयोग चालू होता. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत आणणे शक्य नसेल तर शाळेनेच कुरणात जावे, हा त्यांच्या 'कुरणशाळे'चा विचार म्हणजे वेळापत्रकाने मुलाकडे जाण्याचे एक दुर्मीळ उदाहरण होय.

८. अलीकडचा काळ

महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना झाल्यानंतर पाठ्यपुस्तकाचे स्वरूप पुष्कळ पालटले. चित्रे आली, बोलीभाषेला व बालसाहित्याला स्थान मिळाले. तथापि आखणीचा सांगाडा, म्हणजे इयत्तावार पुस्तक, वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन व पाठटाचण, हा कायम राहिला. १९९० नंतरच्या 'किमान अध्ययन क्षमतां'नी इयत्तेचे माप आणखी बारीक केले. प्रत्येक क्षमतेला क्रमांक मिळाला.

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने आठवीपर्यंत कोणासही त्याच इयत्तेत मागे ठेवू नये असे ठरविले व सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियमांत तसा बदल केला. या वादात दोन्ही पक्ष हिरिरीने बोलले. पण दोघांनी इयत्ता ही निसर्गसिद्ध वस्तू मानली. एकाने मुलाला इयत्तेतून पुढे ढकलण्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने तेथेच थांबविण्याचा. मूल ज्या पायरीवर आहे तेथून शिकविण्याची सोय खोलीत आहे काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात बहुधा मागेच राहिला.

त्या प्रश्नाकडे वळणारे प्रयत्न अन्यत्र झाले. तिसरी ते पाचवीच्या मुलांना दिवसातील काही वेळ इयत्तेऐवजी वाचनाच्या प्रत्यक्ष पातळीप्रमाणे गटांत बसविण्याची 'प्रथम' संस्थेची पद्धती, किंवा ऋषिव्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील 'शिडी', ज्यात प्रत्येक मूल आपापल्या पायरीचे कार्ड उचलते, या दोन्ही पद्धती लँकेस्टरच्या गटांची व पंतोजींच्या पायऱ्यांची, छडी व जातिभेद वजा जाता, आठवण करून देतात. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातील जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा जो पाठ घालून दिला, त्याचेही महत्त्व या संदर्भात आहे. 'बीट' हे मुळात तपासणीचे क्षेत्र. तपासणीचे एकक हेच शिक्षकांच्या परस्पर शिक्षणाचे एकक होऊ शकते, हे तेथे दिसून आले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर पायाभूत वाचन व गणित साधण्याचे उद्दिष्ट ठेवले. 'बिगरी'कडे झालेल्या दीड शतकाच्या दुर्लक्षाची ही उशिरा का होईना, पण स्पष्ट कबुली आहे.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष इयत्ता मोडून टाकावी असा नाही. समान मापाने वगळलेल्यांना हक्काची भाषा दिली, आणि मागे राहिलेल्यांची संख्या मोजली गेली म्हणूनच त्यांची चिंता सुरू झाली. निष्कर्ष एवढाच की, इयत्ता हे शाळा तपासण्याचे माप आहे आणि पायरी ही मुलाच्या शिकण्याची गती आहे. पहिले खात्याच्या सोयीने वर्षाला बांधलेले आहे. दुसरी कोणत्याच वर्षाला बांधलेली नसते. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाच्या दीडशे वर्षांच्या आखणीत या दोहोंची गल्लत होत आली आणि तिची किंमत शेतावरून उशिरा परतलेल्या, बिगरीत दुर्लक्षित राहिलेल्या व वर्षाअखेर 'नापास' ठरलेल्या मुलांनी दिली. अभ्यासक्रमाचा कोणताही नवा आराखडा पुढे आला म्हणजे त्यातील उद्दिष्टांच्या भाषेपेक्षा त्याची तपासणी कशी होणार हे आधी पाहावे. कारण शाळा अखेरीस तेच शिकविते, जे तिच्याकडून मोजून घेतले जाते.